तांड्याजवळचा राखेचा ढीग

बाळंतपणासाठी मी माहेरी आले होते, सेनगाव तालुक्यातल्या आमच्या तांड्यावर. २००० नंतरची ती वर्षं. त्या उन्हाळ्यात तांड्याच्या वरच्या अंगाला एका भट्टीवाल्यानं विटांसाठी जागा घेतली आणि दूरच्या वीज केंद्रातून कोळशाच्या राखेचे ट्रक यायला लागले. राख तिथंच उघड्यावर ओतून ढीग केला होता, ताडपत्री नावालाच. दुपारी वारं सुटलं की ती करडी राख थेट आमच्या अंगणात यायची. वाळत घातलेल्या कुरडया, पाण्याचा हौद, माझ्या लेकीची झोळी, सगळ्यावर तिचा थर.

लेकीला खोकला लागला. छाती घरघरायची, दूध पिताना धाप लागायची. सेनगावचे डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण लेकरू राखेपासून लांब ठेवा." लांब म्हणजे कुठं? घर तर तिथंच होतं.

आई मला घेऊन भट्टीवाल्याकडं गेली. तो हसला.

"मावशी, राखच तर हाय. तुमी चुलीच्या राखंनं भांडी घासत न्हाई का?"

"घासतो. खात न्हाई," आई म्हणाली. "उद्या दुपारी आमच्याकडं जेवायला या."

मिटलं असं समजून तो आला. आईनं घरात नाही, अंगणात पाट मांडला. भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. तेवढ्यात वारं आलं आणि पिठलं करडं झालं. त्यानं ताटावर हात धरला.

"जेवा की," आई समोर बसून म्हणाली. "राखच तर हाय."

एका घासातच त्याचे दात करकरले. पाण्याच्या तांब्यातही तवंग होता. "बघतो कायतरी," म्हणत तो ताटावरून उठला.

ट्रक मात्र थांबले नाहीत. मग तांड्यावरच्या बाया रस्त्यावर जाऊन बसल्या, मीही लेकीला पदराखाली घेऊन बसले. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला आणि खोकत खाली उतरला. आमच्याकडं बघून त्यानं ट्रक माघारी वळवला. संध्याकाळी पोलीस आले. रस्ता अडवणं गुन्हा आहे, म्हणाले.

"आन लेकराच्या छातीत राख भरणं?" आईनं विचारलं. "आमच्याकडं दिवसभर लाईट न्हाई. उजेड दुसऱ्याच्या घरी आन राख आमच्या, असं काहून?"

पोलिसांनी भट्टीवाल्यालाच बोलावून घेतलं. आम्ही उठलो नाही. शेवटी ट्रक बंद झाले आणि ढिगावर मुरूम टाकला गेला. लेकीची छाती मात्र पुढं कितीतरी हिवाळे घरघरत राहिली.

भट्टीवाल्यानं आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावच्या पलीकडं दुसरी जागा धरली. तिथल्या बायांचा आईला निरोप आला, राख आता आमच्या अंगणात येते, तुम्ही या. तोवर आईलाही दम लागायला लागला होता. मी म्हटलं, "तू नको जाऊस."

"तिथं लेकरं न्हाईत का?" ती म्हणाली आणि गोरेगावच्या जीपची वाट बघत फाट्यावर जाऊन उभी राहिली.