गच्चीचं कुलूप

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही जळगावला फ्लॅट घेतला. तीन मजली इमारत, बारा घरं. सगळे फ्लॅट विकले गेले तसे बिल्डरने चाव्या नि कागदपत्रं आमच्या स्वाधीन केली आणि आता तुमचं तुम्ही सांभाळा, असं सांगून तो मोकळा झाला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. पहिल्या मजल्यावरचे कापड दुकानदार अध्यक्ष व्हायला तयार झाले, पण सचिव कुणालाच व्हायचं नव्हतं. कुणाचं दुकान, कुणाची बदलीची नोकरी, कुणाची शेती अमळनेरला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "ताईंचं अक्षर चांगलं आहे." तेवढ्या गुणावर मी सचिव झाले.

काम मला अवघड वाटलं नव्हतं. इतकी वर्षं वर्ग सांभाळले होते. पण वर्गात एक बाई असते आणि बाकीची मुलं. इथे बाराच्या बारा मालक. मोटर कुणी चालू करायची, गाडी कुणी आडवी लावली, टाकी कधी धुवायची, प्रत्येक गोष्टीला बारा मतं. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, सभेच्या वहीत लिहायचे, आणि बरंचसं तिथेच राहायचं.

तिसऱ्या मजल्यावर एक आबा राहत. मूळचे साक्रीकडचे, एसटीत ड्रायव्हर होते. मुलगा परगावी, घरात ते आणि त्यांच्या पत्नी अक्का, दोघंच. दोन पावसाळे ते सभेत उठून एकच सांगत होते, "माझ्या घरात पाणी गळतं." दोन्ही वेळा मी वहीत लिहिलं, 'गळतीबाबत पाहणी करून निर्णय घेऊ.' पाहणी कुणी केली नाही. मीही नाही. खालच्या मजल्यांवर सगळं कोरडं होतं.

मग एका उन्हाळ्यात, सकाळी सातच्या सुमारास, जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. चार बायका ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे वाळवणाचे पापड, घालायला गच्चीवर निघाल्या होत्या. शिजवलेल्या घाट्याचं पातेलं दोघींनी धरलेलं, तिसरीच्या हातात ओली लुगडी. गच्चीच्या दाराला नवं कुलूप होतं आणि कुलपासमोर आबा उभे.

"आबा, घाटा घट्ट होतोय, दार उघडा," मी म्हटलं.

"नाही उघडणार ताई. गच्ची तुमची सगळ्यांची, आणि तिचं पाणी माझ्या एकट्याचं का? खाटा ओढतात, सामान आपटतात, मंग गळणार नाही तर काय?"

"गच्चीला कुलूप लावता येत नाही तुम्हाला. ती सोसायटीची आहे."

ते चिडले की अहिराणीवर येत. "मना घरमा दोन वरीस पानी गळस! तुमी एक डाव तरी देखाले उनात का?"

तुम्ही एकदा तरी बघायला आलात का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. बायका पातेलं घेऊन खाली गेल्या आणि त्यांनी बिबड्या पार्किंगमध्ये घातल्या. दिवसभर गाड्यांची धूळ उडत होती. त्यातली एकजण मला म्हणाली, "तुम्ही सचिव कशाला झालात?" ते मला लागलं.

संध्याकाळी मी एकटीच आबांकडे गेले. एकाच इमारतीत राहून त्या घरात माझं ते पहिलंच पाऊल. अक्कांनी पाणी दिलं आणि आतली खोली दाखवली. छताचा गिलावा पंख्याभोवती सुटला होता, भिंतीवर पिवळे ओघळ. पलंग हॉलमध्ये आणलेला. "पावसात या खोलीत दिवा लावायची भीती वाटते," अक्का म्हणाल्या.

मी अध्यक्षांना सांगितलं, पुढची सभा पार्किंगमध्ये नको, आबांच्या त्या खोलीत घेऊ. लोक कुरकुरत वर आले. एकाने स्टुलावर चढून गिलाव्याला बोट लावलं, तर खपली त्याच्याच शर्टावर पडली. मिस्त्री आणायचं दहा मिनिटांत ठरलं. आबांनी मिस्त्रीसाठी कुलूप काढलं.

मिस्त्री म्हातारा आणि कमी बोलणारा. त्याने गच्चीवर संशयाच्या जागांभोवती मातीची आळी केली आणि एकेका आळ्यात पाणी भरून ठेवलं. रोज एक जागा. बिबड्या वाळवायच्या जागेचं पाणी दिवसभर राहिलं, खाली ठिपकासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी हाक मारली. पंख्याजवळ ओल धरली होती.

मिस्त्रीने मला वर बोलावलं. "बाई, हा सोलरचा सांगाडा कुणाचा? बोल्ट थेट स्लॅबमध्ये ठोकलेत. पाणी इथूनच उतरतं."

सांगाडा माझा होता. राहायला आल्यावर महिन्याभरातच मी गरम पाण्याचा सोलर बसवला होता. बसवणाऱ्याने छिद्रं पाडली तेव्हा मी शेजारी उभी राहून सावलीला छत्री धरली होती. मिस्त्री नि मी, दोघंच होतो वर. त्याला काय, तो कुणाला सांगायला जाणार नव्हता.

पण मी खाली उतरले ती सरळ आबांच्या दारात. "आबा, तुमची गळती माझ्या सोलरमुळे आहे."

मला वाटलं, आता काय बोलतात ते मुकाट ऐकून घ्यायचं. ते म्हणाले, "मी त्या बायांवर उगाच ओरडलो मंग." आणि आत वळून अक्कांना चहा ठेवायला सांगितलं.

सोलर मी उतरवून सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवून घेतला, छिद्रं बुजवली, वर लेप दिला. सभेत सगळ्यांसमोर काय झालं ते सांगितलं आणि वहीतही माझ्याच हाताने लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, एवढं सविस्तर कशाला? मी म्हटलं, राहू द्या. गच्चीची चावी जिन्यात खिळ्याला लागली. आबा स्वतः त्या चौघींच्या घरी जाऊन आले.

श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी मी न बोलावता वर गेले. पलंग आतल्या खोलीत परत गेला होता. पंख्याजवळ कोरडं होतं, पण खिडकीवरच्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल दिसत होती. आबांनी तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली होती.

"वाढली तर कळेल," ते म्हणाले. "तुम्ही मिस्त्रीला निरोप द्या, ताई. घाई नाही."

मी खाली आले आणि मिस्त्रीला फोन लावला.