श्रद्धांजलीच्या फ्लेक्सने मोडलेला खांब

वडील गेल्यावर चौसाळ्याहून दोन कार्यकर्ते मोटारसायकलवर आले आणि आमच्या अंगणाच्या तारेच्या कुंपणाला श्रद्धांजलीचा फ्लेक्स बांधून गेले. फ्लेक्स ऐसपैस होता. निम्म्या भागात आमच्याकडचे एक पुढारी हात जोडून हसत होते. त्यांच्याखाली शोकाकुल तरुणांची रांग गॉगल लावून उभी होती. वडीलही होते. उजव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे. शोधले की सापडायचे. पुढाऱ्यांनी वडिलांना आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं दुःख अगदी निर्भेळ असणार.

ज्या कोपऱ्यातल्या खांबाला फ्लेक्सची दोरी बांधली, तो वडिलांनी रोवलेला होता. बाभळीचा, आणि पहिल्या दिवसापासून रस्त्याकडे कललेला. आई रोज अंगण झाडताना त्याच्यापाशी थांबायची आणि म्हणायची, "एक लाकूड सरळ उभं करता आलं न्हाई ह्या माणसाला." वडील पेपर वाचत राहायचे. आमच्या घरात संसार म्हणून जे काही चालायचं, त्यातलं बरंचसं त्या खांबाभोवती चालायचं.

मातीलगत तो वाळवीने पोखरलाय, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एका दुपारी वावटळ उठली, फ्लेक्स फुगला आणि खांब बुडातून मोडून पुढाऱ्यांसकट अंगणात आडवा झाला. भेटायला आलेली माणसं धावली. त्यांनी फ्लेक्स उचलला, हळुवार झटकला, भिंतीला टेकवून ठेवला. खांब होता तिथेच पडून राहिला.

"सुतकात खड्डा खणायचा न्हाई," धाकट्या चुलत्यांनी बजावलं. "तेरावं होऊ दे."

शेजारच्या शेळ्यांना सुतक नव्हतं. त्या दुसऱ्याच दिवशी कुंपणाच्या खिंडारातून आत आल्या आणि आईच्या कढीपत्त्याला लागल्या. एरवी एखादी शेळी आमच्या फाटकाकडे नुसती वळली, तरी आई तिच्या मालकिणीच्या माहेरापर्यंत जाऊन यायची. आता ती ओसरीवर बसून बघत राहिली. शेळ्यांनी सावकाश पाला संपवला. वडील गेल्यापासून आई बोलत नव्हती. विचारलं तर मान हलवायची, ताट पुढे केलं तर दोन घास खायची. ते मी दुःख म्हणून समजून घेत होतो. पण शेळीला शिवी न देणारी आई पाहिली आणि मी घाबरलो. ही पण चालली, असं वाटलं.

"लई मनाला लावून घेतलंय वैनीनं," चुलते म्हणाले. नवरा गेल्यावर बायकोने किती मनाला लावून घ्यावं, याचं काही प्रमाण त्यांना ठाऊक असावं.

तेरावं झालं आणि मी पहार हातात घेतली. मी बीडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात असतो; आतापर्यंत उभी केलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे शब्दकोश. तरी बाभळीचं नवं लाकूड आणलं, हायवेवरच्या गॅरेजमधून जळकं ऑइल आणून बुडाला फासलं, गवंड्याचा ओळंबा मागून आणला. चुलते खाट टाकून देखरेखीला बसले.

"शिमिटाचा का न्हाई आणला रं? जन्माची कटकट मिटली असती."

"लाकडाचा होता, काका. लाकडाचाच बसवतो."

"बसीव. आन बसल्यावर मला दाखीव."

खांब उभा केला. दगड ठोकले, माती चेपली, ओळंबा सोडला. दोरा लाकडाला लागून सरळ खाली गेला. मी जरा अभिमानाने मागे सरलो.

"तिरपा हाय."

आवाज ओसरीवरून आला. कोण बोललं हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

"सरळ हाय की, वैनी," चुलते म्हणाले. "ओळंबा लावलाय त्यानं."

"ओळंब्याला काय कळतंय? घरावर पडायलाय त्यो."

मी पुन्हा पहार उचलली. माती उकरली, दगड सैल केले, खांब रस्त्याच्या अंगाने जरा ढकलला.

"अजून."

ढकलला.

"अजून जरा. हळू की! खांब हाय, बैल न्हाई. हां, बस. आता आला सरळ."

खांब हुबेहूब वडिलांच्या खांबासारखा कलला होता. चुलत्यांनी मान वाकडी करून बघितलं. "पार रस्त्यावर चाललाय की, वैनी."

"तुमची नजरच तिरपी हाय, भावजी. गप बसा."

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. फ्लेक्स तिनेच उचलला आणि सरपणावर उलटा पसरला, म्हणजे पुढाऱ्यांचा चेहरा लाकडांकडे. कापड जाड होतं. काही झालं तरी शोक चांगल्या प्रतीचा होता.

सकाळी मी ओसरीवर पेपर उघडून बसलो होतो. आई अंगण झाडत झाडत कोपऱ्यापर्यंत गेली, नव्या खांबापाशी थांबली, केरसुणी कमरेला लावली.

"एक लाकूड सरळ उभं करता आलं न्हाई ह्या पोराला," ती म्हणाली.

मी पेपर वाचत राहिलो.