पाहुण्याला एक कळशी

आम्हा महाडकरांचं पाण्याशी कधीच जमलं नाही. जुलैत पुराच्या धास्तीनं गाद्या आणि फ्रिज माळ्यावर चढवायचे आणि मार्चमध्ये नळाखाली कळशी ठेवून त्याच्याकडे बघत बसायचं. त्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसानं गणपतीनंतर पाठ फिरवली, सावित्रीतले कातळ उघडे पडले आणि आमच्या भागात पाणी दिवसाआड झालं. लगेच आमच्या सोसायटीला जाग आली. आम्ही समिती नेमली. पाणी नसलं की समिती, हा आपला जुनाच उपाय!

जलबचत समिती. मी तिची चिटणीस, कारण मी निवृत्त शिक्षिका आणि माझं अक्षर बरं. अध्यक्ष तळमजल्यावरचे काका, ज्यांच्या गाडीला तोवर रोज सकाळी अभ्यंगस्नान घडत होतं. पहिल्या बैठकीत दोन तास चर्चा झाली, तीनदा चहा झाला, कप विसळायला बादलीभर पाणी गेलं आणि धोरण ठरलं. शॉवर बंद. गाडी धुणं बंद. आणि पाहुण्याला दिवसाला एक कळशी, तीही समितीला आधी कळवून. हे शेवटचं कलम माझं. सुट्टीला मुंबईहून येणारी मंडळी बादल्यांवर बादल्या ओततात, म्हणून सुचलेलं. सगळ्यांनी वाहवा केली. मी ते ठळक अक्षरांत पाटीवर लिहून जिन्याशी टांगलं. अभिमान वाटला हो, खोटं कशाला बोलू?

एक कलम मात्र कुणालाच सुचलं नाही. आमच्याकडे काल भरलेलं पाणी आज शिळं होतं. शिळी भाकरी दुधात कुस्करून खाऊ, पण शिळं पाणी? छे! नळाला पाणी आलं की माठ आणि कळश्या आधी मोरीत उपड्या करायच्या, मग ताजं भरायचं. पाणी दिवसाआड झाल्यावर लोकांनी घाबरून दुप्पट पिंपं आणली, म्हणजे ओतायलाही दुप्पट. पाण्याच्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीमागचं गटार खळाळत वाहायचं. मीही ओतायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

एप्रिलात माझी वहिनी आली. थोरल्या भावाची बायको. भाऊ मुंबईला नोकरीत, ही कापडे गावाच्या वर डोंगरातल्या वाडीत एकटी शेत आणि गुरं सांभाळते. वाडीचा झरा आटलेला, टँकर येईल तेव्हा खरा. कमरेतून कळ येऊन ती गडबडा लोळायला लागली, तशी शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून माझ्याकडे आणली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मुतखडा आहे. पाणी पोटात जात नाही, म्हणून झालाय. लहान आहे, पडून जाईल. पण दिवसाला चार लिटर पाणी प्यायलाच हवं. अडकला तर किडनीवर येईल आणि मुंबईला न्यावं लागेल.

"चार लिटर?" वहिनी हसली. "डॉक्टर, तेवढ्यात आमच्याकडं एक माणूस न्हातं!"

"इथं न्हायचं नाही, प्यायचं आहे," डॉक्टर म्हणाले.

घरी आणून मी तिला खाटेवर बसवलं आणि तांब्या हाताशी ठेवला. तासातासाला तांब्या भरायचे, परत येऊन बघावं तर रिकामा. "शाब्बास वहिनी!" म्हणायचे आणि पुन्हा भरायचे. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष काका दारात. "पाहुण्या किती दिवस आहेत? कलम तुमचंच, म्हणून विचारलं." मी म्हटलं, "अहो, आजारी आहे ती." "आजाऱ्याचं धोरणात काही नाही ना पण," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. तेव्हाच झापायला हवं होतं मेल्याला, पण कलम माझं. बोलणार कुठल्या तोंडानं? वहिनी आतल्या खोलीत ऐकत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ती पोट धरून खाली बसली. अंगात ताप, हुडहुडी. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावरच घसरले. "पाणी पाजलं नाहीत?" मी भडकले. "माझ्या हातानं भरून दिलंय, तांब्यावर तांब्या!"

वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "तिला वरडू नका. मी नाय प्यायले."

"मग पाणी गेलं कुठं?"

"तू वळलीस की माठात परत ओतायचे. खाली पाटीवर लिवलंय, पाव्हण्याला एक कळशी. अंघोळ, कपडे, संडास, सगळं त्यातच. प्यायला त्यातनं कुठनं काढू? माझ्यापायी तुला बोलणी नको गो."

चार दिवस ती तहान मारून माझा माठ भरत होती आणि मी तोच माठ शिळा म्हणून दोनदा मोरीत रिकामा केला होता. हे तिला सांगायची हिंमत झाली नाही. लाज वाटली, स्वतःची चीड आली. आमच्या धोरणानं एवढ्या दिवसांत जे काही पाणी वाचवलं, ते एका आजारी बाईच्या घशातलं.

खडा अडकलाच होता. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स मुंबईला निघाली. मी तिच्या उशाशी बसले होते. बाटली तोंडाला लावली तर तिनं दोन घोट घेतले आणि माझा हात बाजूला केला.

"पी गो वहिनी, आता तरी पी."

"पिते," ती म्हणाली. "परवा तू माठ मोरीत ओतलास, तवा मी दारातच हुते. लई जिवावर आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी पाव्हणी ना गो."