जितकी घरं तितकी

आमच्या जिन्यात झालेलं ते भांडण मी पापडांचं ताट मांडीवर घेऊन सगळं ऐकलं. कारगिलच्या सालची, मे महिन्यातली दुपार होती. केबलचं मशीन आमच्याच जिन्याखाली लाकडी खोक्यात बसवलेलं, म्हणून भांडणही तिथंच. एका बाजूला खेळाच्या चॅनलचा वसुलीवाला, शहरातल्या सदर भागातून स्कूटरवर आलेला. दुसऱ्या बाजूला आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांचा केबलवाला गुणवंत.

केबलवाला चॅनलला घरामागे पैसे भरतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या उन्हाळ्यात क्रिकेटचा वर्ल्डकप होता, म्हणून चॅनलनं दर घरामागे दहा रुपये वाढवले होते. वसुलीवाला गुणवंताला समजावून राहिला होता, की बाबा, एकशे चाळीस घरं काहून दाखवतोस, चाळीस दाखव. लोकांकडून सगळ्यांचे घे, वरचे आपण दोघं वाटून घेऊ. "सब यही करते हैं, भैया," असं तो तीनदा म्हणाला.

गुणवंत पूर्वी फॅक्टरीत पॅकिंगला होता, टेंपररी. सहा वर्षं बंदुकीच्या गोळ्यांच्या पेट्या मोजल्या, मग कमी केलं, तेव्हा हा केबलचा धंदा धरला. तो म्हणाला, "पेटीवर चाळीस लिहून आत तीस भरले, तर तिकडे पहाडावर उघडणाऱ्यानं काय करायचं? मला तसं लिहिताच येत नाही. जितकी घरं, तितकी लिहा."

वसुलीवाला चिडला. पंधरा दिवसांत सगळ्या घरांचे पुरे पैसे आले नाहीत तर चॅनल कापतो, म्हणून निघून गेला. गुणवंत वळला, तर मी ताटासकट समोर. लाजल्यासारखा हसला. "काकू, पापड जळून राहिले हो उन्हात," म्हणाला.

पुढच्या हप्त्यात तो घरोघर वरचे दहा मागत फिरला. त्या दिवसांत पुरुष माणसं बारा-बारा तास फॅक्टरीत. युद्धाचं काम, ओव्हरटाइम जोरात, घरात पैसा होता. पण दहा रुपये म्हटले की आम्हा बायकांना ओव्हरटाइम आठवत नसे. आमच्या भजनात शेजारच्या विभावरीनं टाळ खाली ठेवून सांगितलं, "हे केबलवाले घरं लपवतात. गुणवंतही खातो. कोणी देऊ नका." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला खरं ठाऊक होतं, पण दहा रुपये माझेही वाचत होते, आणि जिन्यात कान देऊन बसते हे चारचौघींत कशाला सांगा.

कोणी दिले नाहीत. सोळाव्या दिवशी, मॅचच्या ऐन वेळी, चॅनल गेलं. आमचे हे नुकतेच ड्यूटीवरून येऊन पाय धुऊन बसलेले. टीव्हीवर नुसती खरखर. दहा मिनिटांत साऱ्या क्वार्टरांची माणसं आमच्या जिन्यापाशी. गुणवंत खोक्याजवळ उभा, हातात पेचकस. कोणी म्हणालं, आमचे पैसे खाऊन बसला. कोणी म्हणालं, तिकडे पोरं लढून राहिलीत आणि हा इथं चोरी करतो. कुणीतरी त्याची सायकल ढकलली.

 त्यानं वर आमच्या दाराशी उभ्या माझ्याकडे पाहिलं. "काकूंना विचारा. त्या दिवशी त्या इथंच होत्या."

सगळ्या माना वर झाल्या. विभावरीही पाहत होती. दोन शब्द सांगायचे होते फक्त.

"मला बाई त्या चॅनलमधलं काय समजतं," मी म्हणाले, आणि आत जाऊन गॅस बारीक केला. गॅसवर काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चॅनल आलं. गुणवंताच्या बायकोच्या, कुंदाच्या, हातातल्या पाटल्या सराफ्यात गेल्या होत्या. एकशे चाळीस घरांचे पुरे भरले त्यानं. विभावरी म्हणाली, बघा, दाबल्यावर कसे निघाले खाल्लेले पैसे. त्या दिवशीही मी भजनच म्हटलं.

नुसत्या काचेच्या बांगड्या घातलेली कुंदा नळावर दिसली की मी घागर भरायची थांबत असे. ती मात्र "या काकू, तुम्ही आधी भरा," म्हणून बाजूला सरायची.

मग डिश आली, एकेका छतावर थाळ्या चढल्या. एकशे चाळीसची चाळीस झाली, चाळीसची अकरा. आमच्या ह्यांनी डिश घेऊ म्हटलं, मी नको म्हटलं. ह्यांना वाटलं, बाई काटकसरी आहे.

हे गेल्यावरही गुणवंत दर महिन्याच्या एक तारखेला केबलचे पैसे घ्यायला यायचा. मी दर वेळी ठरवायची, आज सांगते. मग चहा टाकायची, साखर विचारायची, आणि तो निघून जायचा.

गेल्या एक तारखेलाही आला. दम लागत होता त्याला, पायरी-पायरीवर थांबला. मी म्हणाले, "गुणवंता, त्या साली मी..."

"आधी चित्र बघू, काकू," तो म्हणाला, "पडद्यावर मुंग्या दिसून राहिल्यात." आणि शिडी लावून तार बघायला छतावर चढला.

वरून नेहमीची हाक आली, "आलं का, काकू?"

"आलं."

खाली येऊन त्यानं फडक्यानं टीव्हीची काच पुसली. पावती लिहिली, त्या महिन्याचीच. वर त्या सालचे दहा रुपये ठेवले होते मी, ते त्यानं चुकून जास्त आलेले समजून माझ्याच हातावर परत ठेवले, आणि सायकल घेऊन पुढच्या घराकडे गेला.