क्योतोतला उपरोधाचा वर्ग

ज्या वर्गात तीनच विद्यार्थी असतात ना, तिथं किस्से भराभर साठतात. लपायला मागचा बाकच नसतो! नव्वदच्या दशकात क्योतोला पीएचडी करताना आमचा वर्ग तसा होता. विषय काय, तर एकोणिसाव्या शतकातलं रोमानियन साहित्य, त्यातला उपरोध आणि राष्ट्राभिमान. शिकवायला मोरिता-सेन्सेई. शिकायला मी, जपानी कातो-सान आणि खुद्द रोमानियाची योआना. एप्रिलपासून वर्ग बंद होणार अशी कुणकुण होती. म्हणजे माझी स्कॉलरशिप खलास, आणि मी अर्धवट थिसिस घेऊन पुण्याला परत.

\* \* \*

कोबेतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका बँकवाल्या काकांनी विचारलं, "याला स्कोप काय?"

म्हटलं, "काका, या विषयातले एक्स्पर्ट जगात फार कमी आहेत."

"बरोबर आहे," काका मोदक घेत म्हणाले. "लागतच नसतील."

\* \* \*

कातो-सान भयंकर नीटनेटका. कचरा वेगळा करावा तशी नाटकातली वाक्यं वेगळी करायचा. मनापासूनचं निळ्या पेन्सिलीनं, उपरोधाचं लाल. एका नाटकात पुढारी देशासाठी ढसाढसा रडतो. कातो-साननं योआनाला विचारलं, "हे लाल ना?"

"लालच. पण माझे आजोबा इथं खरंच रडायचे."

कातो-सान आठवडाभर वर्गात आला नाही.

\* \* \*

एकदा सेन्सेईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे आपल्याच देशाला हसतात का?"

"रोज हसतो. पण बाहेरचा हसला तर त्याला सोडत नाही."

योआना म्हणाली, "तुझा पासपोर्ट एकदा नीट बघ. चुकून भारताचा दिलाय तुला."

\* \* \*

शेवटी वर्ग वाचवायला युनिव्हर्सिटीच्या कमिटीला पत्र द्यायचं ठरलं. योआनानं लिहिलं, तेही तिच्या नाटकवाल्यांच्या थाटात. "आमचं राष्ट्र इतकं थोर आहे, की शेजाऱ्यांच्या ते अजून लक्षातच आलेलं नाही," असं बरंच काही. कातो-साननं त्याचं अत्यंत अदबशीर जपानी केलं. सेन्सेई वाचून "छान" म्हणाले आणि शिक्का मारला. आम्ही दोन आठवडे वाट पाहिली.

उत्तर आलं. सेन्सेईंनी मोठ्यानं वाचलं. "एवढ्या थोर राष्ट्राचं साहित्य तीन विद्यार्थ्यांच्या वर्गात शिकवणं हा त्या राष्ट्राचा अपमान आहे. एप्रिलपासून तो आमच्या हातून होणार नाही."

मग मीच विचारलं, "सेन्सेई, हे त्यांनी मनापासून लिहिलंय, की उपरोधानं?"

तीस वर्षं हाच विषय शिकवलेल्या माणसानं कागद पुन्हा वाचला. मग आणखी एकदा.

"कळत नाही," ते म्हणाले.