एप्रिलाआधीची फुलं

गडचिरोलीच्या बाजारात थंडीत रोपं विकायला बसणारा तो माणूस फुलाचं नाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाची नोकरी विचारायचा. मी ‘सरकारी’ म्हणताच कानामागची विडी काढून म्हणाला, "मंग बदली कधी हाय, साहेब?"

मी ऐटीत म्हणालो, "एप्रिलात, पुण्याला. वशिला लागलाय. त्याआधी फुलेल असं द्या."

त्यानं हातातलं दोन महिन्यांत फुलणारं फ्लॉक्सचं रोप खाली ठेवलं आणि चाफ्याची बोडकी फांदी पुढे केली.

"ही कधी फुलेल?"

"दोन-तीन साल लागते."

मी भडकलो. त्यानं निवांत विडी पेटवली. "तुमच्या आधीचे साहेबबी एप्रिलच म्हणत होते. त्यायच्या नातवाचं बारसं इथीच झालं."

मी फांदी घेतली. घरी बायको पुण्याला न्यायची भांडी पोत्यात बांधत होती. तिला म्हटलं, "फ्लॉक्सची रोपं संपली होती."