गिरणीच्या फाटकावरचा फळा

गुरुलिंग मेला तवा अर्धी चाळ हळहळली. लई शिकलेला माणूस, म्हणं. कदी कुणाला आवाज चढवून बोलला न्हाय, म्हणं. हळहळा बापडे! माझ्या डोळ्यातनं टिपूस आलं न्हाय, आन येणारबी न्हाय. आवाज कशाला चढवंल तो? त्याचं काम खडूनं भागत होतं की!

अक्कलकोटकडच्या खेड्यातला तो. बाप दुसऱ्याच्या रानात राबून मेला, म्हंजे आमच्यातलाच. पण मराठी, कानडी, तेलगू तिन्ही भाषा घडाघडा यायच्या, म्हणून गिरणीनं त्याला नोटिसा लिवायला ठेवला. दुपारच्या सुट्टीत फाटकावरच्या काळ्या फळ्यावर लिवायचा, मग डोक्याचा रुमाल सारखा करून तिन्ही भाषांत मोठ्यानं वाचून दावायचा. आमाला वाचाया कुटं येत होतं?

काम वाढलं की फळ्यावर 'सोय' यायची. माणूस हाकलला की 'शिस्त'. आमी काम बंद करून बाहेर बसलो, तर 'काही लोकांचा हूडपणा'. मेलं, ऐकून ऐकून आमच्याबी तोंडात तेच बसलं. शेजारची बजाबाई सोताच्या भावाचं सांगायची, "शिस्तीत गेला गं त्यो." हाकलला म्हणायची सोयच राहिली न्हवती!

गावात गोऱ्यांचं लष्कर बसलं, त्या मार्शल लॉच्या आदल्या साली माझा नवरा, कल्लप्पा, साचेखात्यात मागावर काम करताना मेला. साचा फिरवणारा चामड्याचा पट्टा उसवलेला होता. "पट्टा बदला, न्हायतर कुणाचा तरी जीव जाईल," असं त्यानं जाबरला, खात्याच्या मुकादमाला, सांगितलेलं मी माझ्या कानानं ऐकलं हाय. मी त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरत होते. जाबर म्हणाला, बगू. पट्टा तुटला आन कल्लप्पाच्या छातीवर बसला.

माती झाल्यावर फळ्यावर काय यावं? 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे कामगार मयत. इतरांनी बोध घ्यावा.'

माझी सासू रत्नम्मा तवा फाटकाशी उभी होती. तिला कानडीच नीट कळायची. गुरुलिंगनं कानडीत वाचलं आन म्हातारी तितंच खाली बसली. घरी आल्यावर म्हणते, "माजंच चुकलं गं दानम्मा. ल्हानपणी लाडावला मी त्याला." अगं बया! चपलासुद्धा जोडीनं लावून ठेवणारा माणूस तो. मी लई सांगितलं. ती एकच बोलायची, "लिवून वाचलंय की. खोटं कसं आसंल?"

जेवण सोडलं तिनं. नवरा तर गेलाच होता, आता त्याची आईबी त्याला नावं ठेवत मरणार, हे माझ्यानं बगवंना. मी तडक गुरुलिंगचं घर गाठलं. तो ओट्यावर पान जुळवत बसला होता.

"मास्तर," मी म्हणाले, "सायबानं सांगितलं का तुमाला असं लिवायला?"

"न्हाय," तो म्हणाला. लाज न्हाय, काय न्हाय. "सायेब एवढंच म्हणाला, पट्टा तुटून माणूस गेला, नोटीस लाव. बाकीचं मला सांगावं लागत न्हाय. फळ्यावर गिरणी कदी चुकत नसती, दानम्मा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग आत्ता उठा आन माझ्या सासूला खरं सांगा. न्हायतर हितंच बोंब मारते!"

आला बाबा. म्हातारीसमोर बसून कानडीत म्हणाला, "अव्वा, पट्टा जुना होता. तुज्या लेकाची चूक न्हवती." मला वाटलं, सुटलो.

रत्नम्मानं त्याच्याकडं बगितलं आन म्हणाली, "तू चांगला हायेस, माजं समाधान करतोस. पण खरं आसंल तर फळ्यावर लिव की. लिवून वाच."

"लिवा की!" मी वरडले. तो उठला, रुमाल सारखा केला. "फळा गिरणीचा हाय," म्हणाला आन गेला. मुडदा बशिवला त्याचा!

पुढं खंडेनवमी आली. त्या दिशी साचे धुऊनपुसून पूजा करायची, घरची माणसंबी आत यायची. म्हातारी कुणाला न सांगता नारळ घेऊन गेली. मी कांड्यांच्या खात्यात हार घालत होते. बजाबाई पळत आली म्हणून गेले, तर सासू त्याच साच्याम्होरं, नव्या पट्ट्याखाली, नाक घासत होती. "माज्या लेकरानं तुजी हेळसांड केली, देवा. त्याला पदरात घे." शेजारी नारळ फुटलेला. सायेब बगत होता, आन सायबाच्या मागं गुरुलिंग.

मी तिला उचलली. गुरुलिंगला म्हणाले, "आता तरी तोंड उघड!" त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, विरघळला. कुटला आलाय!

दसऱ्यानंतर गिरणी चालू झाली. दुपारी फळ्यावर नवी नोटीस: 'मयत कामगाराच्या आईने यंत्रासमोर येऊन मुलाची चूक स्वतः कबूल केली. मालक या मातेचे कौतुक करीत आहेत.' त्यानं मराठीत वाचलं, तेलगूत वाचलं. कानडीत वाचलं तवा सासू माझ्या शेजारीच उभी होती. तिनं हात जोडले, आन कैक दिसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

"ऐकलंस का गं?" ती मला म्हणाली. "माफ केलं त्याला."